उशीतलं कुऱ्हाडीचं पातं

ती घटना आठवली की आजही हसू येतं आणि थोडी शरमही वाटते. पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी सौदीतल्या अल-खोबरला एका कंपनीच्या कॅम्पवर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. खाकी उतरली होती, खोड गेली नव्हती. आखाती युद्ध पेटलेलं, खिडक्यांना चिकटपट्ट्या आणि प्रत्येकाच्या खांद्याला गॅसचा मुखवटा. नावं कोणाचीच सांगत नाही.

एका सकाळी नॉर्वेचा एक इंजिनिअर तणतणत माझ्यापुढे आला. त्याच्या टेबलावरचं कुऱ्हाडीचं पातं नाहीसं झालं होतं. दिसायला गंजका लोखंडी तुकडा, पण व्हायकिंगांच्या काळातला. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे त्यांच्याकडचे दर्यावर्दी. आजोबांच्या शेतात ते सापडलं होतं. मॅनेजरने मला बजावलं, "उद्या दुपारपर्यंत मिळालं नाही तर पोलिसांत तक्रार." म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गेला आणि तुरुंग वर.

पंचनामा केला. कुलूप शाबूत. खबर कॅम्पच्या एका ड्रायव्हरने दिली: खोल्या साफ करणाऱ्या चाचांना टॉवेलात काहीतरी जड गुंडाळून नेताना त्याने पाहिलं होतं. चाचा रत्नागिरीकडचे, तीन मुलींचे बाप. अठरा वर्षांत त्यांनी कोणाचा चमचा इकडचा तिकडे केला नव्हता.

"चाचा, पातं तुम्ही नेलंत?"

"नेलं, साहेब."

"कुठे आहे?"

"परवा देतो."

"परवा? उद्या दुपारी तुम्ही आत असाल."

"मग जातो आत. पण परवापर्यंत त्याला हात नाय लावायचा."

दम दिला, गोंजारलं, दोनदा चहा पाजला. गडी ढिम्म. मुरलेल्या दरोडेखोरांना मी बोलतं केलं होतं. गुन्हा कबूल आणि मुद्देमाल मात्र परवा, असा आरोपी पहिलाच.

संध्याकाळी सायरन झाला. सगळे खालच्या बंद हॉलमध्ये धावले. अशा वेळी माणूस काय उचलून पळतो ते मी बघत असे. कोणी पासपोर्ट, कोणी दागिने. नाशिकच्या एका इंजिनिअरची बायको दहा दिवसांची बाळंतीण. तिच्या एका हातात बाळ, दुसऱ्यात उशी. नवरा उशी मागत होता, ती देत नव्हती. आणि कापसाच्या त्या उशीने तिचा हात खाली ओढला जात होता.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर जवळ गेलो. "वहिनी, उशी फार जड दिसते."

ती रडायलाच लागली. "आईचं विमान रद्द झालं. फोनवर म्हणाली, बारशापर्यंत उशाला लोखंड ठेव. आमच्या घरात सगळं स्टील. चाचांना सांगितलं, त्यांनी आणून दिलं. वरून क्षेपणास्त्रं पडतायत, मी कशाच्या भरवशावर झोपू?"

चाचा पुढे आले. "आमच्याकडे पण ठेवतात, साहेब. हे बिनधारेचं, बाळाला लागत नाय. परवा बारसं झालं की जागेवर ठेवणार होतो."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काढून नेलं असतं."

खरं होतं. मी नेलंच असतं.

नॉर्वेकर तिथेच मुखवटा काढत होता. त्याला बोलावून सगळं सांगितलं. वहिनीने उशीतून काढून दिलेलं पातं त्याने हातात उलटसुलट करून पाहिलं. चाचांनी डोळे मिटून घेतले. मग त्याने विचारलं, "हे बाळाला खरंच राखतं?"

वहिनी म्हणाली, "आजपर्यंत तरी राखलंय."

त्याने पातं पुन्हा अभ्र्यात सरकवलं. मॅनेजरला सांगितलं, तक्रार नाही. चाचांच्या खांद्यावर थाप मारून अरबीत म्हणाला, "खलास," म्हणजे विषय संपला. बारशाला आला, पाळणा हलवला, दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या आणि मगच पातं घेऊन गेला.

तेव्हापासून, वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती कोणाला हवी होती हे मी विचारतो. नोकरीत कोयते, सुरे, तलवारी पुष्कळ जप्त केल्या. सापडल्यावर जिथे होतं तिथेच राहू दिलेलं हत्यार हे एकच.