सीटवरचं वजन

दवाखान्याची व्हॅन यायला तासभरही उरला नव्हता, आणि वायनो कांगसने त्या ट्रॅक्टरपुढे हात टेकले होते. रात्रभर बर्फ पडून घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मांडीभर बुजली होती. व्हॅन दारापर्यंत आली नाही तर त्याच्या बायकोचं, लेम्पीचं डायलिसिस हुकणार होतं. आधीची खेप वादळाने हुकलीच होती. पाणी साठून तिचे पाय खांबासारखे झाले होते, आडवं पडलं की श्वास कोंडत होता. आज काहीही करून या, असं नर्सने फोनवर बजावलं होतं.

अमेरिकेतल्या अप्पर मिशिगनच्या त्या टोकाला हिवाळ्यात शेजारी म्हणजे बंद घरं. मंडळी फ्लोरिडात उन्हं खात पडलेली. पैसे घेऊन बर्फ काढणारा रूडी स्वतःच कुठेतरी खड्ड्यात रुतला होता. उरला हा बागकामाचा छोटा, जुनाट ट्रॅक्टर, पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेला. तो सुरू व्हायचा, पण ब्रेकवरून पाय उचलला की लगेच मान टाकायचा.

वायनोचा जन्म लाकडाच्या गिरणीत वायरमन म्हणून गेलेला. त्याने बॅटरी तपासली, फ्यूज बदलला, अर्थिंगचा गंज खरवडला. ब्रेक सुटलेला असताना चालक सीटवरून पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून सीटखाली एक स्विच असतो. सीट दोन्ही हातांनी दाबून त्याने तोही मीटरवर पाहिला. ठणठणीत. मग दोष आहे तरी कुठे? म्हातारा गॅरेजच्या उघड्या दारात उभा राहून त्या बर्फाला शिव्या घालू लागला, आणि शिव्या देता देता त्याला रडू फुटलं.

स्वयंपाकघराचं दार उघडून लेम्पी कोट घालून आली, भिंतीला धरत धरत. काय मदत करू, म्हणाली. त्याने तिला कसंबसं सीटवर बसवलं. तिने ब्रेक दाबायचा, सांगितलं की सोडायचा, आणि तो खाली वाकून वायरी हलवत बघणार. गिअर काढलेलाच होता.

तिने ब्रेक सोडला. इंजिन चालूच राहिलं.

वायनोला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. सापडली सैल वायर! तिला उतरवून तो चढला, ब्रेक सोडला. बंद. पुन्हा ती बसली. चालू. पुन्हा तो. बंद.

लेम्पीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने त्याच्या जाड जॅकेटची चेन ओढली, शर्टातून आत हात घातला आणि फासळ्या चाचपल्या.

"वायर नाही तुटलेली, वायनो. सीटला तुझं वजनच लागत नाहीये. कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि ताटातलं सगळं कुत्र्याला घालत होतास?"

"गिळवत नाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर ठेवून घेतलं असतं त्यांनी. मग तुझी वाट कोण काढणार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. सगळ्या वायरी धुंडाळल्या, फक्त स्वतःला सोडून. ती रागावली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. तिने कोपऱ्यातली, बर्फावर टाकायच्या मिठाची गोणी दाखवली. गोणी मांडीवर घेऊन तो बसला, आणि ट्रॅक्टर निमूट चालू लागला. बर्फ बाजूला लोटत तो रस्त्यापर्यंत गेला, परत आला. वाट निघाली.

व्हॅन दाराशी लागली. ड्रायव्हरने पायरी खाली सोडली तरी लेम्पी जागची हलेना.

"आधी हा चढेल."

"लेम्पी, उशीर होतोय. तुला आज गेलंच पाहिजे."

"मग चढ लवकर."

बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता. डॉक्टरांनी आपल्याला ठेवून घेतलं तर पुढच्या खेपेला ही वाट बुजलेलीच राहणार, हे वायनोला कळत होतं. लेम्पीलाही कळत होतं. तिच्या श्वासाची घरघर ऐकत तो आधी चढला.