लिस्बनमध्ये मी जेवत होते तेव्हा

नाशिकच्या घरासमोरून सुमो हलणार तेवढ्यात बाबांनी खिडकीतून डोकं आत घातलं. म्हणाले, "दर रविवारी फोन करायचा आणि काय काय खाल्लंस ते सांगायचं. अभ्यासाचं राहू दे, ते युनिव्हर्सिटी बघून घेईल." आई मागे उभी राहून डोळे पुसत होती, दादा ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता, आणि या गृहस्थांना माझ्या जेवणाची पडली होती. साल २००१. रडायच्या ऐवजी मी हसतच निघाले.

बाबा पक्के खवय्ये. सरकारी ऑफिसात कारकुनी करून रिटायर झाले, महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं नाही, पण कुठल्या गावाची मिसळ कशी लागते हे तोंडपाठ. अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावर मी कॉलिंग कार्ड खरवडायचे आणि त्यांना मेन्यू ऐकवायचे. सांगण्यासारखं असायचं काय? पीएच.डी.ची पोरं खाऊन खाऊन खाणार काय, तर फ्रोजन पराठे आणि सेमिनारनंतर उरलेला पिझ्झा. तरी ते खोदून खोदून विचारायचे. "चीज कसं लागतं? खरवसासारखं?" मी म्हणायचे, "बाबा, रबरासारखं." त्यांना त्याचाही आनंद.

२००६ साली लिस्बनला कॉन्फरन्समध्ये माझा पेपर लागला. पुढे थोडी सुट्टी जोडली, शेंगेन व्हिसासाठी शिकागोला खेटे घातले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पोर्तुगाल? म्हणजे आपल्याकडे मिरची आणली ते लोक. सगळं खाऊन ये. नंतर मला सावकाश सांग." झालं, मी तिथे बघायला गेलेच नाही. बाबांच्या वतीने खायला गेले.

एका चढाच्या गल्लीत एक छोटी खाणावळ होती. मी दारात एकटी घुटमळत होते, तर मालकीणबाईंनी सरळ हात धरून आत नेलं आणि तीन म्हाताऱ्यांच्या टेबलावर बसवलं. अमेरिकेत इतकी वर्षं लॅपटॉपसमोर एकटीने गिळायची सवय, मला तर कानकोंडं झालं. पण त्यांना काही वाटलंच नाही. एकाने स्वतःच्या ताटलीतले भाजलेले मासे माझ्यापुढे सरकवले. आपली तारलीच ती, वर नुसतं मीठ. मी हातानेच काटे काढून खायला लागले. त्यातला एक पूर्वी जहाजावर होता, त्याला थोडं इंग्लिश यायचं. त्याने विचारलं, इतकं छान खायला कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. त्याने इतरांना सांगितलं, आणि तिघांनी बाबांच्या नावाने ग्लास उचलले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच. निघताना मालकीणबाईंनी कागदात गुंडाळून काहीतरी दिलं. कुठल्याशा फळाची घट्ट, लालसर वडी होती, आपल्या आंबापोळीची जाड बहीण. "पापा," त्या म्हणाल्या, म्हणजे बाबांसाठी, आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

मला रविवारपर्यंत दम निघेना. कोपऱ्यावरच्या बूथमधून नाशिकला फोन लावला. आईने उचलला.

"बाबा कुठेत?"

"झोपलेत. तू सांग, काय काय खाल्लंस?"

आईने हे मला कधीच विचारलं नव्हतं. ते खातं बाबांचं. मी मात्र सुरूच झाले. मासे, सूप, म्हातारे, वडी, सगळं. मागे बरीच माणसं बोलत होती. "कोण आलंय गं?" "शेजारचे." "तुम्ही काय जेवलात?" आई म्हणाली, "पिठलंभात. समोरच्या काकूंनी पाठवलाय." मी म्हटलं, "वा, बाबांची मजा आहे." आई "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

परतल्यावर डेट्रॉइटच्या विमानतळावर माझी रूममेट वैदेही न्यायला आली होती. मूळची नागपूरची, एरवी तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्या दिवशी गप्प ड्राइव्ह करत होती आणि मी एकटीच बडबडत होते. घरी वरणभात तयार. "आधी जेवून घे." मी जेवले. मग ती म्हणाली, "तुझे बाबा गेले गं." मी लिस्बनमध्ये असतानाच, हार्ट अटॅकने. दादाने तिला फोन करून बजावलं होतं की मी परत येईपर्यंत कळू द्यायचं नाही. आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. "मी तरी काय करणार, यार," ती रडत म्हणाली, आणि तिने मला आंघोळीला पाठवलं.

नळाखाली बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे स्मशानातून माणसं परत आली की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलंभात आणून देतात. लहानपणी मी स्वतः शेजारी पातेलं नेऊन दिलेलं आहे. आईला खोटं बोलणं जमलं नव्हतं, तिने फोनवर खरं तेच सांगितलं होतं. आणि मला, तिच्या पोटच्या पोरीला, ते कळलं नव्हतं. पाच वर्षांत मी इतकी लांब गेले होते.

मग संताप आला. लिस्बनहून मुंबई ॲन आर्बरपेक्षा कितीतरी जवळ. मी पोचले असते.

तिकीट मिळून नाशिकला पोचेपर्यंत तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. मी दादाला फाडून खाल्लं. तो म्हणाला, तुझी ट्रिप कशाला खराब करायची, आणि व्हिसाचं लफडं झालं असतं म्हणजे? मी म्हटलं, खड्ड्यात गेला व्हिसा, बाप माझाही होता. आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला ओरडू नकोस. कळवू नको म्हणून मी सांगितलं."

"का?"

"तू आली असतीस तर तुला सांभाळावं लागलं असतं. हा निदान कामाला लागला. तुला काही ठाऊक नसतं आता इथलं. कुणाला बोलवायचं, काय आणायचं. तू नुसती रडत बसली असतीस आणि मला तुझ्याजवळ बसावं लागलं असतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं गं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला भांडता येईना.

आता मी अमेरिकेतच, ईडन प्रेरी गावात नोकरी करते. जे मागे राहिलेत त्यांना वाटतं, लांबच्या माणसाला त्रास नको म्हणून आपण गप्प राहतो. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना वाटतं, घरचे आपल्याला जपतात. मीही तसंच समजायचे. दर खेपेला नाशिकला गेले की आई माझ्या आवडीचं करते, दादा स्टेशनवर न्यायला येतो, कुणी मला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही. घर आहे, माया आहे, माझी खोलीही तशीच ठेवली आहे. वेळ आली की मी मात्र त्यांना नको असते.