झालं म्हणायला कुणी

“हात लावू नको, ओलं आहे.” घरी आलेल्या प्रत्येकाला काका हेच सांगायचे. चित्र महिनाभर कोरडं असलं तरी.

मी दुपारी गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी जायचे. गॅलऱ्यांचे इंग्रजी मेल वाचून दाखवायचे आणि उत्तरं लिहायची, एवढंच माझं काम. “या, इंग्लिश मीडियम!” असं ते स्वागत करायचे. मी फारशी बोलत नसे. त्यांना ते सोयीचं होतं.

त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. नवं चित्र मात्र बरीच वर्षं घराबाहेर गेलं नव्हतं. ते रंगवायचे आणि सुरीने सगळं खरवडून टाकायचे.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. काकू चहा घेऊन यायच्या, चित्राकडे बघायच्या, गप्प परत जायच्या. मग एक दिवस म्हणायच्या, “झालं.” की ब्रश खाली. काकू वारल्या आणि ते म्हणणारं कुणी उरलं नाही. मग काका दूधवाल्यालाही विचारायचे. निफाडहून त्यांना सांभाळायला आलेल्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, तर रोज.

“लय भारी झालंय. जेव आता.”

“तुला भाकरीची घाई.”

“मंग काय, रंग खाऊन जगतो का?”

ते हसायचे आणि खरवडायला घ्यायचे. ताट तसंच राहायचं. त्यांची मनगटं बारीक होत गेली.

थंडीत एक चित्र आलं. फवारणीनंतर द्राक्षाच्या पानांवर राहतो तसा निळसर रंग, खाली काळी माती. मला ते कधी विचारत नसत. त्या दिवशी विचारलं.

“काय गं, झालं का?”

मी बराच वेळ पाहिलं. मग म्हटलं, “झालं.”

त्यांनी सुरी ठेवली. त्यांच्यासमोरच मी मुंबईच्या गॅलरीला मेल केला, चित्र तयार आहे, न्यायला या.

माणसं यायची होती त्या सकाळी मी गेले, तर फरशीवर निळे पापुद्रे पडले होते. काका खुर्चीत बसून होते.

“तू खरं तेच सांगितलंस,” ते म्हणाले. “पण ती ‘झालं’ म्हणायची तेव्हा मला झोप लागायची. या वेळी नाही लागली.”

त्यानंतर ते चित्रापुढे उभे राहिले नाहीत. पाडव्याच्या आधी गेले.

मुंबईची माणसं पुन्हा आली. आक्का दारात बसून होत्या. खोलीत एकामागून एक खरवडलेली कापडं निघाली. शेवटचं एकाने उजेडात धरलं. विणीत थोडा निळा अडकून राहिला होता. हेही पूर्ण झालेलं चित्रच समजायचं का, त्याने मला इंग्रजीत विचारलं. प्रदर्शनात चांगलं दिसेल, म्हणाला.

त्याचं बोट त्या निळ्याकडे गेलं.

“हात लावू नका,” मी मराठीत म्हटलं. “ओलं आहे.”