बकाराम रिटायर झाला

बकाराम माझ्या भिंतीपलीकडे राहत होता, पण त्याच्याविषयी मला फार कमी ठाऊक आहे. त्याच्या बैलांची नावे मी सांगू शकेन, त्याच्या आईचे नाव नाही. तेव्हा मी लिहावे की नाही, कोण जाणे.

आमच्या बिरसी गावात तो इंदरलाल पटेलांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. २००४ साली मी पाटबंधारे कार्यालयातून निवृत्त झालो, तेव्हा निरोप समारंभाला तो सोबत आला. हार, शाल, नारळ आणि साहेबांनी केलेली माझी नसती स्तुती, सारे त्याने तोंड उघडे ठेवून पाहिले. परतताना ऑटोत विचारले,

"बाबूजी, रिटायर म्हंजे कामावरून काढलं का?"

"काढलं नाही. वय झालं की थांबायचं."

"आन मालक राग नाही करत?"

"उलट हार घालतो."

घर येईपर्यंत त्याने माझा नारळ मांडीवर धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पटेलांसमोर उभा. "पटेल, मी रिटायर होऊन राहिलो."

पटेल पोट धरून हसले. "तुले तुझं वय तरी ठाऊक आहे का?"

"आमी दीक्षा घेतली त्या साली बैल राखत होतो. लावा हिसाब."

"धानाचा रोवणा झाल्यावर पाहू."

"बाबूजीच्या साहेबानं रोवणा नाही पाहिला."

सालदार थकून पडतो, नाहीतर दुसऱ्याचे घर धरतो. हार घालून घरी पाठवलेला कोणी पाहिला नव्हता. बकारामला नेमके तेच हवे होते. त्याची बायको रुख्मा म्हणाली, "हार घालून घ्या, पण घरी बसून मले हुकूम नोका सोडू."

गावाने दोघांची इतकी चेष्टा केली की शेवटी पटेलच कंटाळून तयार झाले. खळ्यात सतरंजी पडली. हार-शाल घालून पटेलांनी सुरुवात केली, "या बकारामनं एकदा माझी बैलबंडी नाल्यात पाडली..."

"पटेल," हार सावरत बकाराम म्हणाला, "आज चांगलंच बोला लागते. तसा नियमच आहे."

सगळे हसले. पटेल म्हणाले, "माझे बैल माझ्याआधी याले ओळखतेत." मग मला उभे केले. मी खोकलो आणि बसलो. टाळ्या पडल्या.

रोवण्यात पटेलांचा मुलगा खुमेंद्र बैल हाकू लागला. बैल जुवाखालून सुटले की थेट बकारामच्या अंगणात. मागोमाग पटेल.

"चाल ना गड्या, दोनच दिवस."

उकाड्यातही शाल पांघरलेला बकाराम बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा आणि दावे पटेलांच्या हाती द्यायचा. "नाही पटेल. रिटायर झालो."

"साहेब हायेत ते आता!" रुख्मा आतून ओरडायची.

बैल वळणाआड होईपर्यंत साहेब दारात उभे असत. पण कामावर गेले नाहीत. पुढे वारेपर्यंत दोन वर्षे तो निवृत्तच राहिला.

शेवटचे भेटलो ते त्याच्याच ओट्यावर.

"काय करतोस, बकाराम?"

"काई नाही. तुमी?"

"मीही काही नाही."

"मंग इकडं सरका. तिकडं ऊन येते."