सरकती पट्टी

कॉलेजात आम्हाला जुन्या वेबसाइट दाखवल्या, तेव्हा वर्ग हसला. निळ्या चौकटी, लुकलुकणारं लाल 'नवीन' आणि मधोमध सरकणारी सूचनांची पट्टी. मला हसू आलं नाही. वेबसाइट म्हणजे मला तेवढंच माहीत होतं.

गंगापूरच्या नेट कॅफेत शेजारच्या ताईचा कॉलेजप्रवेश तसल्याच पट्टीवरून झाला होता. तिच्यासोबत मीही बसले होते. सूचना आपणहून समोर यायची. निसटायच्या आत माउसनं धरायची, बस.

माझी वेळ आली ती दुष्काळात. कॅफे बंद पडला होता. चाऱ्यासाठी लांब निघालेली मेंढरं काकांच्या हवाली करून आबा, माझे वडील, माझ्यासाठी घरी थांबले होते. त्या दिवशी प्रवेशाची यादी लागणार होती आणि संध्याकाळच्या आत प्रवेश पक्का केला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी आबांच्या फोनवर कॉलेजची साइट उघडली. ती बदललेली होती. पडदाभर कॉलेजच्या इमारतीचा फोटो, वर नाव. पट्टी कुठेच नाही. फोन माझ्या हातात क्वचितच यायचा. मी पट्टी येईल म्हणून दुपारपर्यंत बघत बसले.

शेवटी आबा म्हणाले, कॉलेजातच जाऊन विचारू.

शहराकडच्या भरल्या जीपमध्ये वाळूजपर्यंत धुरळाच धुरळा. आबांनी फोन घेतला आणि उपरण्यानं त्याची काच पुसायला लागले. पुसताना फोटो वर सरकला. खाली अक्षरं होती.

"आबा, थांबा. पुसू नका."

यादी तिथंच होती, फोटोच्या खाली.

"नाव हाय का?"

"हाय."

"मग दाब की."

मी हिरवं बटण दाबलं. प्रवेश निश्चित झाल्याचं आलं, तेव्हा मला रडूच फुटलं. समोरची मावशी आबांना म्हणाली, "अजून एकदा पुसा, नोकरी बी निघंल." सगळी जीप हसली, आबाही.

आता मी वेबसाइटचं पान मांडते तेव्हा तळाची एक ओळ मुद्दाम अर्धी कापलेली ठेवते, म्हणजे खाली आणखी आहे हे कळावं. सर म्हणतात, हल्ली सगळ्यांना कळतं. असेलही.

त्या दिवशी काम झालं होतं, तरी आम्ही जीपमधून मध्येच उतरलो नाही. आलोच आहोत तर बघून जाऊ, असं आबा म्हणाले. कॉलेजात त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"पाणी चांगलं हाय इथं," म्हणाले.