सीटवरची ओढणी

तिचं नाव मी विचारलंच नाही. अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची एसटी लागली. मी चढून बसणार, तोच खिडकीतून एक ओढणी सीटवर येऊन पडली. मागोमाग धापा टाकत तिची मालकीण आली. मी शेजारी बसले. मुलगी डोळे मिटून पुटपुटायला लागली. अडलं की ओढणीचं टोक पिळायची.

"काय पाठ करून राहिली वं?"

"काकू, आज पीएचडीची तोंडी परीक्षा हाये. सोपं करून सांगा म्हनतात, अन् मले तेच जमत नाही."

"मले सांग."

"जनुकाची नक्कल म्हंजे आरएनए. ती वाचूनच पेशी प्रथिनं बनवते. शरीरात लोह कमी असलं, की लोह साठवनाऱ्या प्रथिनाच्या नकलेवर दुसरंच एक प्रथिन चिकटून बसते. मंग ती वाचल्याच जात नाही. लोह वाढलं की ते उठते, अन् साठवन सुरू."

"म्हंजे तुही ओढणी! जागा रिकामी, पन कोनाले बसता येत नाही."

ती ओढणीकडे बघतच राहिली. मग बडनेऱ्यापर्यंत तिनं तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. डोळे उघडे ठेवून, हातवारे करत.

"अन् परीक्षक कधी एसटीत बसलेच नसतीन तं?" मी विचारलं.

"मंग त्याइले आंदी अकोल्याच्या स्टँडवर आना लागन!"