लाल टोपीचं पाखरू

वनखात्यात तिला सगळे दुर्बीणबाई म्हणत. चेष्टेनंच, पण तिने ते नाव छातीवरच्या बिल्ल्यासारखं मिरवलं. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं रानात शिकलेली. पुस्तकी साहेबांची चूक तोंडावर दाखवायची.

तिची स्वतःची चूक एकच. अकरा वर्षांपूर्वीची. नदीकाठच्या रानात लाल टोपीचा सुतार पक्षी दिसला, तोही पाठमोरा. तोडीआधी पाखरांची नोंद करायचं काम तिचं; दुर्मीळ जातीचा लिहिला असता तर झाडतोड थांबली असती. पण नेहमीच्या सुताराच्या पिल्लालाही तशीच लाल टोपी असते. फरक गालावर: नेहमीच्याची काळी पट्टी चोचीला भिडते, दुर्मीळाची अलीकडेच थांबते. गाल दिसलाच नव्हता. ‘दिसला नाही’ लिहायला कमीपणा वाटला. तिने ठोकून दिलं, नेहमीच्याचं पिल्लू.

रान आडवं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पाखरू दिसलं तेव्हा झाडांना धड पालवीही नव्हती, पिल्लं तर पालवीनंतर होतात. पिल्लू आलं कुठून?

तेव्हापासून एक कण्हणं मागे लागलं. नेहमीचा सुतार खोड ठोकत बसतो. हा दुर्मीळ सहसा ठोकत नाही, कण्हतो. कचेरीत, भांडी घासताना, ते ऐकू यायचंच.

“नळ आहे गं तो वहिनी,” नणंद म्हणाली. “वॉशर बदल, नाहीतर डोकं तरी.”

वॉशर बदलला. कण्हणं राहिलं.

आता टेकडीच्या रानाची पाळी. पुन्हा लाल टोपी, आणि यंदा ऐन पिल्लांचा हंगाम. तीन दिवस ती झाडाखाली बसली. मान आखडली. पाखरू खोडाआड सरकायचं, गाल काही दाखवेना.

“बाई, पिल्लू लिहा आणि मोकळ्या व्हा,” साहेब म्हणाले. “तुमच्या नोंदीसाठी ट्रक अडलेत.”

“पिल्लाची लाल टोपी पानगळीपर्यंत जाते. तोवर थांबा. तेव्हाही लाल दिसली, तर दुर्मीळच.”

“एवढ्या मोठ्या जाणकार तुम्ही, आणि ओळखता येईना?”

टोमणा वर्मी बसला. गेल्या वेळी अशाच टोमण्याला भिऊन तिने ठोकून दिलं होतं. तिने पेन दाबून लिहिलं: ‘गाल दिसला नाही. पानगळीपर्यंत तोड करू नये.’ खाली सही.

“बदली करीन तुमची!”

“करा. तिथेही दुर्बीण नेईन.”

ट्रक रिकामे परतले. घरी येऊन तिने भांडी घासायला घेतली. नळ गप्प होता. पाठीमागे कण्हणं आलंच, अगदी खांद्यापाशी.

या वेळी तिने नळाकडे पाहिलं नाही.

“ऐकतेय रे,” ती म्हणाली. हात तसेच फेसात राहिले.